मुलांचा चष्मा आणि दरवर्षी वाढणारा नंबर



शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत गुरुजींचा निरोप येतो, "पोराला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या." आपण तालुक्याच्या गावी जातो, चष्मा करून आणतो आणि विषय संपला असे समजतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच निरोप. उणे एकचा नंबर उणे पावणेदोन होतो, त्याच्या पुढच्या वर्षी अडीच. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "चष्मा लावला म्हणूनच नंबर वाढला, उगीच लावला." चष्म्याचा दुकानदार म्हणतो, "वाढायचाच, वाढीचं वय आहे." यात खरे काय, नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी जी खास भिंगे अलीकडे निघाली आहेत त्यांत तथ्य किती, आणि तो खर्च कोणी करावा व कोणी करू नये, हे या लेखात सांगावयाचे आहे.

जवळचे स्वच्छ आणि लांबचे धूसर दिसणे म्हणजे लघुदृष्टी. आपल्या बोलण्यात 'मायनसचा नंबर'. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळायचा खेळ आपण बहुतेकांनी केलेला आहे. भिंग आणि कागद यांतील अंतर बरोबर जमले तरच उन्हाचा ठिपका बारीक होतो आणि कागद धुमसतो. कागद जरा मागे नेला की ठिपका पसरतो. डोळ्याचेही असेच आहे. पुढे भिंग, मागे पडदा. जन्मलेल्या मुलाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर. वाढता वाढता, ठिपका पडद्यावर बरोबर पडेल अशा जागी डोळ्याने थांबावयाचे असते. लघुदृष्टीच्या मुलाचा डोळा तिथे थांबत नाही. तो लांबत जातो, पडदा मागे सरकतो आणि ठिपका पडद्याच्या अलीकडेच पडतो. फार नाही, एक मिलिमीटर जादा लांबला तरी अडीच ते तीन नंबर चढतो.

उसाचे कांडे एकदा लांबले की ते पुन्हा आखूड करता येत नाही. डोळ्याचेही तसेच. म्हणून 'चष्मा घालवा', 'नंबर उतरवा' अशा ज्या जाहिराती बाजारच्या दिवशी भिंतीवर दिसतात, त्यांवर पैसे घालवू नयेत. व्यायामाने, थेंबांनी, गाजराच्या रसाने लांबलेला डोळा आखूड होत नाही. गाजर जरूर खावे, त्याने रातांधळेपणा टळतो, नंबर मात्र टळत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की जे कांडे अजून वाढत आहे त्याची वाढ धिमी करावी. तीही वाढीच्या वयातच. मुलगा कॉलेजात गेल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

"नंबर वाढला तर वाढू दे, काच जाड होईल एवढंच ना?" असे पुष्कळजण विचारतात. एवढेच नाही. डोळा लांबतो तेव्हा आतला पडदा ताणला जाऊन पातळ होतो. नंबर उणे सहाच्या आसपास किंवा पुढे गेला की पुढील आयुष्यात पडदा सुटणे, काचबिंदू होणे, पडद्याचा मधला भाग खराब होणे यांचा धोका बराच वाढतो. हे दुखणे विसाव्या वर्षी दिसत नाही, चाळिशी-पन्नाशीत डोके वर काढते. आणि मधला भाग गेला तर कोणत्याही चष्म्याने अक्षर वाचता येत नाही. मोठेपणी लेझरने नंबर घालविण्याचे ऑपरेशन करतात, त्याने चष्मा सुटतो हे खरे. पण ते काम डोळ्याच्या पुढच्या काचेवर होते. मागचा ताणलेला पडदा तसाच राहतो, आणि धोकाही तसाच राहतो. ही गोष्ट ऑपरेशनच्या जाहिरातीत ठळक अक्षरात सहसा नसते.

आता वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. चष्मा लावल्याने नंबर वाढतो काय? मलेशियात याची पडताळणी झाली व २००२ साली ती प्रसिद्ध झाली. काही मुलांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला आणि काहींना मुद्दाम थोडा कमी नंबरचा. दोन वर्षांनी पाहिले तर कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वाढला होता. म्हणजे "थोडा कमीच द्या हो, डोळ्याला सवय राहील" असे आपण चष्मेवाल्याला सांगतो, ते मुलाच्या हिताचे नाही. नंबर वाढतो तो वयामुळे, आईबापांकडून आलेल्या वारशामुळे, आणि तासन् तास जवळचे पाहून उन्हात कमी वावरल्यामुळे.

मग डोळ्याला 'वाढ' किंवा 'थांब' हे सांगते कोण? याचा शोध मजेशीर आहे. १९७७ साली वायझेल व राविओला या शास्त्रज्ञांनी दाखविले की माकडाच्या पिलाची पापणी शिवून टाकली तर तो डोळा लांबतो. पुढे कोंबडीच्या पिलांवर प्रयोग झाले. पिलाच्या डोळ्यापुढे भिंग बसवून प्रतिमा पडद्याच्या मागे पाडली तर डोळा तिला गाठण्यासाठी लांबतो. प्रतिमा पडद्याच्या पुढे पाडली तर त्याची वाढ मंदावते. आणखी असे दिसले की अर्ध्याच डोळ्यापुढे धूसर काच लावली तर तेवढाच अर्धा भाग फुगतो. म्हणजे पडदा जागच्या जागी, आपल्यापुरता निर्णय घेतो. मेंदूच्या हुकमाची तो वाट पाहत नाही, आणि कडेच्या भागाचेही या कारभारात मत आहे.

इथेच साध्या चष्म्याची उणीव लक्षात येते. लघुदृष्टीचा डोळा चेंडूसारखा गोल न राहता अंड्यासारखा लांबट होतो. साध्या भिंगाने मधल्या भागात प्रतिमा पडद्यावर बरोबर बसते आणि मुलाला स्वच्छ दिसते. परंतु कडेला प्रतिमा पडद्याच्या थोडी मागे पडते. कडेचा भाग त्याचा अर्थ 'अजून वाढ' असा घेतो, असे मानले जाते. साधा चष्मा दिसण्याचे काम चोख करतो, पण वाढीला लगाम घालणे त्याच्याकडून होत नाही.

खास भिंगे म्हणजे काय

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी होया या जपानी कंपनीबरोबर एक भिंग तयार केले. भिंगाच्या मध्यभागी ९ मिलिमीटर व्यासाचा भाग साधा, मुलाच्या नंबरचा. त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात सुमारे चारशे बारीक ठिपके, प्रत्येक ठिपका एक मिलिमीटरच्या आसपास. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकले भिंग असून त्यात अधिक साडेतीन नंबरची जादा ताकद असते. ठिपक्यांच्या मधली जागा मात्र नेहमीच्या नंबरची ठेवलेली असते. मूल पाहते तेव्हा मधल्या व मोकळ्या जागेतून आलेला प्रकाश पडद्यावर बसतो, म्हणून दिसते स्वच्छ. ठिपक्यांतून आलेला प्रकाश पडद्याच्या पुढेच जुळतो, आणि कडेच्या पडद्याला 'आता पुरे' असा निरोप जातो. दोन्ही कामे एकाच वेळी. लांबून पाहिले तर हा चष्मा साध्या चष्म्यासारखाच दिसतो. उजेडात तिरपा धरला तर ठिपक्यांची जाळी दिसते.

नवी जात आली की आपण काय करतो? एकाच रानात अर्ध्या भागात नवी, अर्ध्यात जुनी लावतो. पाणी, खत सारखेच देतो आणि तोडणीला वजन काट्यावर पाहतो. शेजारच्याचे ऐकून सगळे क्षेत्र नव्या जातीखाली घालणारा शहाणा नव्हे. या भिंगाची चाचणीही त्याच रीतीने झाली. ८ ते १३ वर्षांच्या, उणे एक ते उणे पाच नंबरच्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकास खास भिंग, दुसऱ्यास साधे. दोन वर्षे पुरी करणारी मुले १६० निघाली. साध्या चष्म्याच्या गटाचा नंबर दोन वर्षांत सरासरी ०.८५ ने वाढला, खास भिंगाच्या गटाचा ०.४१ ने. डोळ्याची लांबी पहिल्या गटात ०.५५ मिलिमीटर वाढली, दुसऱ्यात ०.२१. खास भिंगवाल्या शंभरातील २१-२२ मुलांचा नंबर दोन वर्षांत मुळीच वाढला नाही, साध्या गटात असे शंभरात सातच निघाले. पुढे साध्या गटातील मुलांनाही खास भिंगे दिली, तेव्हा तिसऱ्या वर्षी त्यांचाही वेग कमी झाला. मला स्वतःला हा शेवटचा पुरावा अधिक पटतो, कारण त्यात तेच मूल, तेच घर, फक्त भिंग बदलले.

दुसरे एक भिंग एस्सिलॉर या फ्रेंच कंपनीचे. त्यात चिमुकली भिंगे एकात एक अशा अकरा कड्यांत बसविलेली आहेत. त्याची चाचणी चीनमधील वेंझौ येथे झाली. दोन वर्षांत साध्या भिंगाच्या मुलांचा नंबर १.४६ ने वाढला व या भिंगाच्या मुलांचा ०.६६ ने. जी मुले रोज १२ तास वा अधिक चष्मा लावीत, त्यांना फायदा त्याहून जास्त झाला. हेच भिंग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांत नंबराची वाढ धिमी करण्याकरिता मान्य केले. चष्म्याच्या भिंगाला अशी मान्यता तिकडे प्रथमच मिळाली. इतरही कंपन्यांची भिंगे आहेत. आम्ही कोणाचे एजंट नाही, नावे एवढ्यासाठीच दिली की दुकानात 'तसलंच आहे, घ्या' म्हणून कोणी काहीही गळ्यात मारले तर त्याची चाचणी कोठे व किती मुलांवर झाली हे आपण विचारावे.

आकड्यांचा अर्थ नीट लावावा. या भिंगाने नंबर कमी होत नाही, वाढण्याचा वेग सरासरी निम्म्यावर येतो. सरासरी म्हणजे कोणाला पुष्कळ फायदा, कोणाला अगदी थोडा. कागदावरचा हिशेब मांडू. आठव्या वर्षी उणे एक नंबर असलेली मुलगी. वर्षाला पाऊण नंबर वाढत गेला तर चौदाव्या वर्षी साडेपाच होईल. वेग निम्मा झाला तर सव्वातीन. प्रत्यक्षात वाढ वयाबरोबर आपोआप मंदावते, त्यामुळे हिशेब असा सरळ रेषेत जात नाही. तरीपण साडेपाच आणि सव्वातीन यांत जो फरक आहे, तो पन्नासाव्या वर्षीच्या डोळ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे.

खर्च कोणी करावा

साधा चष्मा हजार रुपयांच्या आत-बाहेर होतो. या खास भिंगांच्या नामांकित जोडीला दहा हजारांच्या पुढे किंमत सांगतात, फ्रेम वेगळी. म्हणजे चार-पाच टन उसाचे बिल. शिवाय नंबर बदलला की भिंगे बदलावी लागतात, आणि हे काही वर्षे चालवावयाचे असते. एका हंगामाचा खर्च नव्हे. तेव्हा सरसकट प्रत्येकाने घ्यावीत असे मी म्हणणार नाही.

मूल सहा ते दहा-अकरा वर्षांचे आहे, नंबर लवकर लागला आहे, वर्षाला अर्धा किंवा जास्त वाढतो आहे, आई किंवा वडिलांनाही मायनसचा नंबर आहे, अशा मुलाच्या बाबतीत हा खर्च जरूर विचारात घ्यावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवा रंग दिला नाही तरी चालेल. उलट मूल पंधरा-सोळाचे आहे आणि दोन वर्षे नंबर जागच्या जागी आहे, तर त्याला साधा चष्मा पुरेसा आहे. अधिकचा नंबर, तिरळेपणा किंवा आळशी डोळा ही दुखणी वेगळी, त्यांवर हे भिंग नव्हे. ज्यांना परवडत नाही त्यांनी खंत करू नये. पूर्ण नंबरचा साधा चष्मा व रोजचे ऊन यांनीही पुष्कळ साधते. डॉक्टर काही मुलांना रात्री टाकावयाचे अट्रोपिनचे अगदी सौम्य थेंबही देतात. ते चिठ्ठीशिवाय, शेजारच्याच्या मुलाचे पाहून आणू नयेत.

निर्णय घेण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून थेंब टाकून तपासणी करून घ्यावी. मुलाच्या डोळ्याचे स्नायू फार जोरकस असतात, थेंब न टाकता तपासले तर नसलेला किंवा जादा नंबर निघू शकतो. औषधाप्रमाणे काही तास ते काही दिवस जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र नेऊ नये. जमल्यास डोळ्याची लांबीही मोजून घ्यावी. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ज्या यंत्राने डोळ्याची लांबी मोजतात, तेच हे काम. दुखत नाही. दर सहा महिन्यांनी नंबर व लांबी लिहून ठेवली म्हणजे भिंगाचा उपयोग होतो की नुसते पैसे जातात हे कळते. काट्यावर वजन केल्याशिवाय उतारा सांगता येत नाही.

वापरण्यातही पथ्य आहे. चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावावयाचा. फक्त शाळेत लावून घरी खुंटीला टांगला तर ही भिंगे निरुपयोगी. मधला स्वच्छ भाग बाहुलीच्या बरोबर समोर यावा लागतो, त्यामुळे चष्मा नाकावरून घसरत असेल तर फ्रेम आवळून घ्यावी. वाढत्या अंगाची म्हणून मोठी फ्रेम घेऊ नये. तो न्याय सदऱ्याला ठीक. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा कोरड्या पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, आधी पाण्याने धुऊन मग मऊ कापडाने टिपावे. पहिले काही दिवस कडेने थोडे धूसर वाटते, मुले चटकन रुळतात. काच न घेता न फुटणारे पॉलिकार्बोनेटचे भिंग घ्यावे. विटीदांडू अजून बंद झालेला नाही.

उन्हाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. चीनमध्ये ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर खेळावयास लावले. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला होता, इतर शाळांत ३९.५ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. बाहेरचा लखलखीत उजेड डोळ्याची वाढ आवरतो. आपण म्हणू, शेतकऱ्याच्या पोराला उन्हाचे काय अप्रूप? २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत दिल्लीतील शाळकरी वयाच्या मुलांत लघुदृष्टी ७.४ टक्के आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याच्या खेड्यांत ४.१ टक्के निघाली, हे खरे. दिल्लीतच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आकडा १३.१ टक्क्यांवर गेला होता. आणि आपली पोरे आता शेतात असतात कुठे? सकाळी सातला इंग्रजी शाळेची गाडी, सायंकाळी शिकवणी, रात्री मोबाईल. राहते वस्तीवर, वाढते मात्र शहरातल्या मुलासारखे. रोज दीड-दोन तास तरी उघड्यावर जावेत.

मुलींविषयी दोन शब्द. "चष्मा लागला तर लग्नाला अडचण" म्हणून पोरीची तपासणीच टाळणारी घरे अजून आहेत. धूसर दिसत असताना तिने अभ्यासात मागे पडावे आणि आपण तिला 'डोक्याने कमी' म्हणावे, हा अन्याय आहे. लहान मूल तक्रार करीत नाही, कारण जग असेच धूसर असते असे त्याला वाटते. टीव्हीच्या अगदी पुढे बसणे, डोळे बारीक करून पाहणे, वहीत नाक खुपसणे, लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी न वाचता येणे, या खुणा आपणच ओळखावयाच्या. एकेक डोळा हाताने झाकून समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचावयास लावावे, एका डोळ्याचाच दोष असेल तर तो एरवी लपून राहतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके शाळेत वर्षातून एकदा येतात, आणि शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांना साधे चष्मे मोफत मिळतात. ऊसतोड टोळ्यांची मुले मात्र हंगामात गावाच्या शाळेत नसतात, पथक आले त्या दिवशी ती कोण्या कारखान्याच्या अड्ड्यावर असतात. आपल्या फडात राबणाऱ्या माणसाचे लेकरू फळा दिसत नाही म्हणून शाळा सोडते, हे आपल्या डोळ्यांदेखत घडते. ज्या सभासदांच्या रानात टोळी उतरली असेल त्यांनी मुकादमाशी बोलून अशा मुलांची नावे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शाळेच्या गुरुजींकडे द्यावीत. त्याला खर्च काही नाही.

तपासणीस जाताना मुलाचा जुना चष्मा आणि आधीच्या नंबरांचे सर्व कागद बरोबर न्यावेत. नंबर किती आहे यापेक्षा तो कोणत्या वर्षी किती होता, हे डॉक्टर आधी विचारतात. दुकानात भिंगे घेताना नंबर बदलल्यास ती सवलतीत बदलून मिळतात काय व किती महिन्यांच्या आत, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. आणि ती पावती ऊसबिलाच्या पिशवीतच ठेवावी, म्हणजे सापडेल.